मोबाइलच्या आधी वर्तमानपत्र होतं

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला एकत्र जेवणाचं महत्त्व सांगणारा लेख वाचला. लेखिकेची तळमळ पोचली, हे आधी नमूद करतो. पण ‘मोबाइल येण्याआधी जेवणाच्या टेबलावर घरातली माणसं एकमेकांशी बोलत’ या वाक्याला घास घशात अडकला. कुठल्या घरातली?

आमच्याकडे मोबाइल सोडाच, साधा फोनही नव्हता. रात्री सगळे एकाच वेळी, एकाच टेबलाभोवती. वडील सकाळी घाईत कामावर निघत, वाचन राहून जाई, म्हणून अंक जेवताना उघडायचा. एका हातात अंक, दुसऱ्या हाताने जेवण. पान उलटताना त्याचा कोपरा माझ्या ताटात टेकायचा. त्यामुळे वडिलांचा चेहरा म्हणजे माझ्या लेखी शेवटचं पान. ते आतून वाचत, मी बाहेरून. दुसरीत असताना मला ‘निविदा’ हा शब्द न अडखळता वाचता येत होता. अर्थ विचारायची सोय नव्हती. मधूनच कागदामागून हसू यायचं. आई विचारायची, “काय झालं?” उत्तर ठरलेलं : “काही नाही.”

वर्षातून मोजक्या वेळा पहिल्या पानावर चौकट यायची : ‘कार्यालयास सुट्टी असल्याने उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही.’ मोठ्या बातम्या राहू द्या, मी आधी ती चौकट शोधायचो. कारण त्या रात्री वडील बोलायचे. एकदा लहानपणी पोहायला शिकताना बुडता बुडता वाचल्याची हकिकत सांगायला लागले. हातवारे इतके, की पाण्याचा पेला आडवा झाला. पुसापुशीत उशीर झाला, तेव्हा “राहिलेलं उद्या सांगतो” म्हणाले. उद्या अंक आला. त्यांना बाहेर कोणी काढलं ते मला अजून माहीत नाही, आणि आता सांगायला ते नाहीत.

लेखात अभ्यासांचे दाखले आहेत, तर माझाही एक घ्या. केली म्युझिक आणि अ‍ॅन मायर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी २०१२ साली किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. घरची ऐपत, आईवडिलांशी असलेलं नातं वगैरे हिशेबात धरलं, तर एकत्र जेवणाच्या खात्यावर जमा होणारा फायदा बराच आटतो, असं त्यांना आढळलं. हार्वर्ड विद्यापीठातल्या, मुलांच्या भाषेच्या अभ्यासक कॅथरीन स्नो सांगतात, की जेवतानाच्या गप्पांत मुलांच्या कानावर गोष्टीच्या पुस्तकांपेक्षा जास्त अनोळखी शब्द पडतात. गप्पांत, साहेब! ‘निविदा’ मी एकट्यानेच शिकलो.

तेव्हा ‘मोबाइल बाजूला ठेवा’ हा उपदेश शिरोधार्य. फक्त तो वर्तमानपत्राने करावा याची गंमत वाटली. आपल्या व्यवसायाने किती जणांचे बाप झाकले, याचाही एखादा लेख येऊ द्या.

खरं सांगायचं तर तुमचा हा लेखही मी जेवता जेवताच वाचला. मुलीने विचारलं, “बाबा, एवढं काय चिडायला झालंय?” माझ्या तोंडून काय निघालं असेल, ते आपण ओळखलंच असेल.

जाता जाता : त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्याचे चौकोन आता इतके बारीक झाले आहेत, की त्यात अक्षर बसवायला सुई लागेल. शिवाय मागच्या कोड्याचं उत्तर छापलेलंच नाही. आडवा ७ तीन दिवस डोक्यात घोळतो आहे. आणि हे पत्र छापलंत तर पूर्ण छापा. मागच्या वेळी ‘संक्षिप्त’ म्हणून माझा मुद्दाच कापला होतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार