कुबड्या आणि पाण्याचा हंडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवण्याचे दिवस आले की गरिबी, अपंगत्व आणि बाईचे राबणे हे विषय हमखास येतात. विषय मोलाचे आहेत, पण कथा फसते ती तपशिलात.

'ती कुबड्या टेकत पाण्याचा हंडा घेऊन आली' हे वाक्य घ्या. दोन्ही काखांत कुबड्या असल्या की दोन्ही हात मुठींवर अडकतात. पंधरा लिटरच्या हंड्यात नुसते पाणीच पंधरा किलो. तो उचलणार कोण? बहुधा धाकटी बहीण. आणि नळ सकाळी येत असेल तर तिची शाळा बुडणार. लेखकाने एवढे विचारले असते तर अपंगत्व, पाण्याची ओढाताण आणि 'पाणी भरायचे ते मुलींनी' ही समजूत, तिन्ही त्या हंड्याभोवतीच सापडली असती.

'मुलाने दारात रॅम्प बांधून दिला' हेही तसेच. एक फूट चढायला बारा फुटांचा उतार, हा व्हीलचेअरसाठीचा हिशेब. पुण्यातल्या दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत उंबरा अर्धा फूट धरला तरी सहा फूट झाले. तीन फुटी बोळात ते आणायचे कुठून? आत जागच्या जागी वळायला पाच फूट मोकळे हवेत. दहा बाय दहाच्या खोलीतून मोरी, ओटा, कॉट वजा करून पाहा. अशा खोलीत माणूस फरशीवरून हातांनी सरकतो. लेखक ते लिहायला बिचकतात आणि त्याऐवजी 'नशिबाचे भोग' लिहितात. वाचकाला कीव येते ती या शब्दांनी, सरकण्याने नव्हे.

अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' या नजरेने पुन्हा वाचावी. खाण बंद पडते म्हणून भीमा स्मशानात सोने शोधू लागतो आणि त्यात बोटे गमावतो. पहाड फोडणारे हात हीच त्याची पुंजी, घरचा कर्ता म्हणून त्याचे स्थानही त्याच हातांवर. खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते, तेव्हा ते हात कामातून गेलेले असतात. 'बिचारा' म्हणायची गरजच उरत नाही.

नवरा अंथरुणाला खिळल्यावर बायको 'साक्षात देवी' होते, ही आमच्या मते सर्वांत वाईट सवय. देवीला खाडा पडत नाही. धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईला पडतो. नवऱ्याच्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात दोन फेऱ्या झाल्या तर दोन खाडे, शिवाय रिक्षा. किमान 40 टक्के अपंगत्व नोंदले नाही तर बहुतेक सवलती नाहीत. तो आकडा ऐकताना तिचा चेहरा कसा होतो, हे मराठी कथेत यायला हवे.

2016च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. कथांत मात्र अंध आणि पांगळे एवढेच भेटतात. त्या यादीत स्वमग्नता आहे, सिकल सेल हा रक्ताचा आजार आहे, अ‍ॅसिड हल्ल्यात होरपळलेल्या व्यक्तीही आहेत.

भाषेबद्दल एकच. निवेदनात 'अंध' लिहा, पण सासूच्या तोंडचे 'आंधळी' पुसू नका. 'दिव्यांग' तिच्या तोंडी घातलात तर ती सरकारी अर्ज वाचत असल्यासारखी वाटेल.

संपादकांना विनंती: अशी कथा छापण्यापूर्वी, ज्याला तो अनुभव आहे अशा एका वाचकाकडून ती तपासून घ्यावी आणि त्याचे मानधन अंकाच्या खर्चात आधीच धरावे.

आपले,
कथा-निवडीचे काम करणारे काही वाचक, पुणे