हिमवर्षावात फेरी रद्द झाल्याचे प्रवाशांना न कळवल्याबाबत तक्रार

प्रति,
वाहतूक व्यवस्थापक,
ग्रामीण बससेवा विभाग

महोदय,

मी आपल्या बससेवेची मासिक पासधारक प्रवासी आहे. गेल्या आठवड्यात रात्रभर बर्फ पडल्यानंतर सकाळची पावणेसातची बस आलीच नाही आणि ती येणार नाही, हे थांब्यावरच्या आम्हा सात जणांना कोणीही कळवले नाही. बोचऱ्या वाऱ्यात आम्ही सव्वा तास उभे होतो. डायलिसिससाठी निघालेल्या एका वृद्ध गृहस्थांची रुग्णालयातील वेळ त्यामुळे हुकली. त्यांच्या आजारात एक खेप चुकणे किती गंभीर असते, हे मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

अशा हवामानात बस सोडणे धोक्याचे असू शकते, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून थंड हवा लागत असल्याने तेथे रस्त्याच्या आधी बर्फ धरतो, तर पारा उणे 10 अंशांच्या आसपास उतरला की रस्त्यावर टाकलेले साधे मीठही फारसे उपयोगी पडत नाही. चालकाने जीव धोक्यात घालावा, असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु फेरी रद्द करण्याचा निर्णय आगारात पहाटेच झाला होता, असे नंतर चौकशी केल्यावर समजले. तरीही आपल्या ॲपवर ती बस ‘वेळेवर’ असल्याचे दिसत होते, कारण बस आगारातून निघालीच नसताना ॲप केवळ वेळापत्रकातील वेळ दाखवत राहिले. ही चूक हवामानाची नाही.

दुसरे असे की, अडचण फक्त पुलापलीकडच्या शेवटच्या चढणीवर होती. मुख्य रस्त्यावरचा बर्फ सकाळी सहापर्यंत हटवून झाला होता. बस फाट्यापर्यंत आणून तेथूनच परत फिरवली असती, तर निम्म्याहून अधिक गावांची सोय झाली असती. अमेरिकेतील सिॲटल परिसरात किंग काउंटी मेट्रो ही सेवा बर्फाच्या दिवसांसाठी पर्यायी मार्ग ठरवून ते प्रवाशांना आधीच कळवते. असे मार्ग आपणही हिवाळ्यापूर्वी निश्चित करून प्रत्येक थांब्यावर लावावेत आणि फेरी रद्द होताच पासधारकांना मोबाईलवर संदेश पाठवावा, अशी माझी मागणी आहे.

रस्ता साफ करणारे वाहन बाजूला सारलेला बर्फ नेमका थांब्यावर रचून जाते, त्यामुळे प्रवाशांना रहदारीच्या रस्त्यावर उभे राहावे लागते. हे काम रस्ते विभागाचे असले, तरी थांबे आपले आहेत, तेव्हा त्या विभागाशी आपणच बोलावे.

पुढचा हिमवर्षाव फार दूर नाही. म्हणून या पत्राचे लेखी उत्तर, केवळ दिलगिरी नव्हे तर केलेल्या कार्यवाहीसह, 15 दिवसांच्या आत मिळावे, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पासधारक प्रवासी