चहाच्या पुड्यावर मळ्याचं नाव कधी येणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत चहावर अख्खं पान आलं, फोटो मस्तच होते, पण तंदुरी चहा, चॉकलेट चहा, फ्रँचायझी घ्यायला किती पैसे लागतात हे सगळं त्यात होतं आणि पत्ती येते कुठून यावर एक ओळ नव्हती, म्हणून म्हटलं लिहावंच. तुमच्या वाचकपत्रांत आणि इकडंतिकडं मी चहावर बरीच वर्षं लिहितेय, तेव्हा तेवढा हक्क आहे असं समजते.

इतक्या वर्षांत एक गंमत बघितली. चहा करायचा कसा यावर चार ओळी लिहिल्या की लोक तुटून पडतात. दूध आधी की पत्ती आधी, साखर पाण्यात की शेवटी, आलं किसायचं की ठेचायचं, आणि वेलची घालणाऱ्याला तर काही जण थेट वाळीतच टाकतात. आधण आलं की पत्ती घाला, दोनेक मिनिटं उकळा, मग गॅस बंद करून झाकण ठेवा, असं लिहिलं तर एका आजोबांनी उलट टपाली कळवलं की झाकणाचा चहा आजारी माणसाला देतात, धडधाकट माणसाला नाही! गुळाचा चहा फुटतो ही तक्रार तर बारमाही. अहो, गुळात थोडं आम्ल असतं, दूध उकळत असताना तो पडला की दूध फाटणारच, तेव्हा गूळ पत्तीच्या पाण्यातच विरघळवून घ्या, गॅस बंद करा आणि वेगळं तापवलेलं दूध वरून ओता. हे मी कितीदा लिहिलं असेल देव जाणे, तरी दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच, आणि खरं सांगू, मला सांगायलाही आवडतं.

पण मळ्यातल्या मजुरीवर लिहिलं होतं तेव्हा एक पत्र नाही आलं. किलोभर चहा व्हायला साधारण साडेचार किलो हिरवा पाला लागतो, दोन पानं आणि एक कळी असा हातानं खुडलेला, आणि तो खुडणाऱ्यांत बहुतेक बायकाच. 2023 मध्ये वाढ झाल्यावर आसामात ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात त्यांची हजेरी 250 रुपये झाली, वर रेशन वगैरे मिळतं ते वेगळं, तरी पण दिवसाची हजेरी 250! आपल्याकडं चौघं मित्र हॉटेलात बसले, चहासोबत दोन प्लेट भजी मागवली की तेवढं बिल सहज होतं. यावर कुणालाच काही म्हणायचं नव्हतं.

मला वाटायचं लोकांना पर्वा नाही. आता तसं वाटत नाही. मळा त्यांना दिसतच नाही तर बोलणार कशावर? आंबा घेताना आपण देवगडचा की रत्नागिरीचा हे विचारून, वास घेऊन, वर कर्नाटकचा माल हापूस म्हणून गळ्यात मारताय का अशी भांडणं करून घेतो आणि रोज दोन-तीनदा जे पोटात जातं त्याचं गाव विचारत नाही. विचारलं तरी दुकानदार सांगणार काय, पुड्यावर छापलेलंच नसतं.

आणि माहिती नसते असंही नाही हं, मला राग त्याचाच आहे. गुवाहाटी, सिलिगुडी, कोलकाता, कुन्नूर इथं चहाचे लिलाव चालतात, तिथं प्रत्येक लॉटला मळ्याचं नाव असतं, ग्रेड असते, चव घेणारे लोक कपांची रांग लावून एकेक घोट भुरकून थुंकतात आणि त्यावर भाव ठरतो. म्हणजे तिथपर्यंत सगळं कागदावर आहे. मग कंपनी दहा-वीस मळ्यांचा माल एकत्र करते, चव आणि रंग वर्षभर सारखा राहावा म्हणून, ते मला मान्य आहे, आपल्यालाही रोज तोच चहा लागतो ना. पण मिसळताना नावगाव सगळं पुसलं जातं आणि पुड्यावर उरतात ते नट-नट्या, नाहीतर डोंगरावर उगवणारा सूर्य.

आमच्याकडं बाजारपेठेत सुटी पत्ती विकणारं एक जुनं दुकान आहे. तिथं मळ्यावरून आलेल्या जाड कागदी गोण्या जशाच्या तशा मांडलेल्या असतात, वर मळ्याचं नाव, ग्रेड, वजन. मालक चिमूटभर दाणा तळहातावर घेतात, त्यावर तोंडाची वाफ सोडतात आणि मग हुंगतात, म्हणतात गार पत्ती बोलत नाही. एकदा त्यांनी मला दोन गोण्यांतली पत्ती अशीच हुंगायला दिली, दोन्ही आसामच्या, दोन्ही सीटीसी, म्हणजे दातेरी रुळांतून चिरडून गोळी केलेली, 1930 च्या दशकात आसामातच निघालेली ही पद्धत आणि आपल्या दुधाच्या चहाला तीच लागते. एक गोणी जूनमधल्या मालाची होती, एक भर पावसाळ्यातली. जूनच्या पत्तीला भाजल्यासारखा गोडसर वास, दुसरीला नुसता ओल्या पाल्याचा. भावात फरक, करून बघितला तर कपातही फरक. पुड्यात हे दोन्ही एकत्र जातात आणि आपल्याला कळतसुद्धा नाही.

दार्जिलिंगचं तर विचारूच नका. 2004 मध्ये देशातलं पहिलं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन त्याला मिळालं, एके काळी वर्षाला 1 कोटी किलोच्या वर चहा व्हायचा तो आता 60 लाखांच्याही खाली आलाय, झुडपं म्हातारी, पाऊस लहरी, माणसं मळा सोडून चाललेली, त्यात 2017 च्या आंदोलनात शंभरावर दिवस बंद होता तेव्हा मे-जूनचा जो सगळ्यात नावाजलेला तोडा असतो त्याचाच मोठा भाग बुडाला. इतकी बिकट अवस्था आहे आणि आपण मॉलमध्ये दार्जिलिंग लिहिलेला डबा घेऊन त्यात दूध-साखर घालून खळखळून उकळतो. (घाला बापडे, तुमचे पैसे. पण मग साधा आसाम घ्या की, निम्म्याहून कमी पैशात जास्त कडक होईल.)

माझं म्हणणं एवढंच आहे की एकेका मळ्याचं नाव देणं जमत नसेल तर निदान प्रदेश आणि हंगाम छापा. आसाम किती, उत्तर बंगालातलं डुआर्स किती, निलगिरी किती आणि तोडा कोणत्या महिन्यांतला. तारीख छापतात ती पॅकिंगची, पानं कधी खुडली त्याची नाही. चहा कंपन्यांनी हे आपणहून केलं तर उत्तमच, नाहीतर केंद्र सरकारच्या टी बोर्डानं सांगावं.

आणि तुमच्याकडं एक मागणं. 21 मे हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चहा दिवस, त्या दिवशी तुमच्याकडं दरवर्षी काहीतरी येतंच. त्याच्या आदल्या तारखेला, 20 मे 1921 ला, तेव्हाच्या आसामातल्या सुरमा खोऱ्यातले मळे सोडून आपल्या मुलखाला निघालेल्या मजुरांवर आताच्या बांगलादेशातल्या चांदपूर स्टेशनात इंग्रज सरकारनं गोरखा शिपाई सोडले होते, रात्री, झोपलेल्या बायापोरांवर. मळे सोडले कारण मजुरी परवडत नव्हती, आणि स्टेशनात अडकले कारण परत जायला तिकिटाचे पैसे नव्हते. आपल्या मराठी पेपरांत यावर मी तरी कधी काही वाचलेलं नाही. यंदा त्या दिवशी यावर एक लेख द्या, आणि सोबत पाठीवर टोपली घेतलेल्या हसऱ्या बाईचा नेहमीचा फोटो टाकणार असाल तर कुणालातरी मळ्यावर पाठवा, फोटो काढताना तिचं नाव विचारायला सांगा आणि ते खाली छापा.

कळावे,
एक चहाबाज वाचक, सातारा