पॉइंटची रुपयांतली किंमत तिकिटाच्या पानावरच दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि नाताळच्या सुट्यांची विमानाची तिकिटे काढायचे दिवस जवळ आले की बँकांचे आणि विमान कंपन्यांचे संदेश सुरू होतात. तुमच्या खात्यात इतके पॉइंट जमा आहेत, त्यांवर मोफत तिकीट मिळवा, असा त्यांचा मजकूर असतो. क्रेडिट कार्ड आता पगारदार मध्यमवर्गाच्या घरोघरी पोहोचले असल्यामुळे त्यावरच्या खर्चातून जमणारे हे पॉइंटही घरोघरी आहेत, पण ते खर्च करताना आपल्या पदरात नेमके किती रुपये पडले हे तपासणारी माणसे फार थोडी. ठेवीवर पाव टक्का व्याज जास्त मिळावे म्हणून चार बँकांत चौकशी करणारा माणूस ऐंशी हजार पॉइंट मात्र एका बटणासरशी देऊन टाकतो. यात ग्राहकाने समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि सरकारने करण्यासारखेही आहे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

पॉइंट म्हणजे कंपनीने खूश होऊन दिलेले बक्षीस, हा समज आधी सोडायला हवा. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपली ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना सुरू केली तेव्हा प्रवाशाने जितके मैल विमानप्रवास केला त्या हिशेबाने पॉइंट जमा होत, म्हणून त्यांना मैलही म्हणतात. आज त्यांतला मोठा वाटा बँका विमान कंपन्यांकडून रोख पैसे मोजून विकत घेतात आणि कार्डधारकांना वाटतात. हा धंदा किती मोठा आहे हे कोरोनाच्या काळात जगाला दिसले. विमाने धावपट्टीच्या कडेला उभी असताना, २०२० मध्ये, अमेरिकेतल्याच युनायटेड या विमान कंपनीने आपली पॉइंट योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले आणि डेल्टा या दुसऱ्या कंपनीने तशाच तारणावर ९ अब्ज डॉलर. ज्या वस्तूवर सावकार एवढे कर्ज द्यायला तयार होतो, ती आपल्या खात्यात आली की तिला फुकटची समजावे हे मला पटत नाही. कार्डाचे वार्षिक शुल्क आपण भरतो, दुकानदार बँकेला देतो ते शुल्क शेवटी मालाच्या किमतीत येते, आणि एवढे झाल्यावर जे पॉइंट मिळतात ते आपल्याच पैशाचे एक रूप असते.

मग त्यांची किंमत काढायची कशी? हिशेब चौथीच्या मुलाला जमेल असा आहे. त्याच विमानाचे, त्याच दिवसाचे तिकीट रोखीने घेतले तर एकूण किती पडते ते पाहावे. पॉइंट वापरूनही जी रक्कम रोख भरावी लागते ती त्यातून वजा करावी. आणि उरलेल्या रुपयांना पॉइंटांच्या संख्येने भागावे. समजा, मुंबई–दिल्ली तिकीट सर्व करांसह ७,२०० रुपयांना मिळते आणि पॉइंटवर घेतल्यास ९,००० पॉइंट आणि १,२०० रुपये लागतात. सहा हजार भागिले नऊ हजार, म्हणजे एका पॉइंटला सुमारे ६७ पैसे मिळाले. आता समजा, दिवाळीच्या आदल्या दिवशी त्याच तिकिटाचे रोख भाडे १४,४०० रुपयांवर गेले, आणि पॉइंट तितकेच राहून वरची रक्कम १,७०० रुपये झाली. तेव्हा एका पॉइंटला १ रुपया ४१ पैसे मिळतात. पॉइंट तेच, आसन तेच, आणि मोल दुपटीहून जास्त. म्हणून भाडे स्वस्त असेल तेव्हा रोखीने जावे आणि भाडे भडकले असेल तेव्हा पॉइंट काढावेत, एवढी एक गोष्ट पाळली तरी बराच फरक पडतो. अर्थात, पॉइंटची मागणीही भाड्यानुसार वाढवत नेणाऱ्या योजनांत हा फायदा आटतो. डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये कोणत्या मार्गाला किती मैल लागतील याचे ठरलेले तक्ते काढून टाकले, आणि तीच रीत हळूहळू सर्वत्र पसरत आहे. तक्ता गेला की ग्राहकाच्या हातात तुलनेसाठी हा भागाकारच उरतो.

‘वजा करावी लागणारी रक्कम’ हे या व्यवहारातले सर्वांत अडचणीचे कलम आहे, आणि त्यावर थोडे थांबतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याला मुलीकडे लंडनला जायचे होते. त्यांनी एका परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर पॉइंटने तिकीट काढायला घेतले, तेव्हा पहिल्या पानावर फक्त पॉइंटांचा आकडा होता. प्रवाशांची नावे, पासपोर्टचे तपशील, जेवणाची निवड असे सगळे भरून झाल्यावर शेवटच्या पानावर ‘भाडे शून्य’ अशी एक ओळ आणि तिच्याखाली ‘कर, शुल्क व अधिभार’ अशी दुसरी ओळ आली. त्या दुसऱ्या ओळीतली रक्कम रोख तिकिटाच्या निम्म्याहून अधिक होती. तिच्या शेजारच्या बारीक बाणावर बोट ठेवल्यावर तपशील उघडला, आणि त्यात सर्वांत मोठा आकडा ‘वायक्यू’ या संकेताचा होता.

हे संकेत वाचता येणे फार उपयोगाचे आहे. भारतातल्या तिकिटावर ‘के३’ म्हणजे जीएसटी, ‘आयएन’ म्हणजे विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क, ‘पी२’ म्हणजे विमान सुरक्षा शुल्क. हे पैसे कंपनीच्या खिशात राहत नाहीत. ‘वायक्यू’ आणि ‘वायआर’ मात्र कंपनीने स्वतः लावलेले अधिभार असतात, कधीकाळी इंधनाच्या नावाने सुरू झालेले, आणि ते करांच्या रांगेत उभे केल्यामुळे सामान्य प्रवासी त्यांना सरकारी कर समजतो. समजा, मुंबई–लंडन जाण्यायेण्याचे रोख भाडे ६२,००० रुपये आहे आणि पॉइंटवर ५०,००० पॉइंट आणि ३८,००० रुपये मागितले जातात. तेव्हा पॉइंटला ४८ पैसे मिळतात, आणि अशा वेळी पॉइंट राखून रोखीने जाणे बरे. हाच अधिभार सर्व कंपन्या सारखा लावत नाहीत. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात आहे, त्यामुळे तिचे पॉइंट लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश अशा सहकारी कंपन्यांच्या विमानांतही वापरता येतात. एकाच शहराला जाणारे दोन-तीन मार्ग उघडून प्रत्येकाची रोख रक्कम ताडून पाहिली तर मोठा फरक आढळतो. लंडनहून निघताना ब्रिटिश सरकारचा प्रवासी करही भरावा लागतो, आणि बिझनेस क्लासला तो इकॉनॉमीच्या दुपटीहून जास्त असतो. युरोपात फिरून परतणाऱ्यांनी परतीचे विमान दुसऱ्या देशातून घेता येते का, हे म्हणून अवश्य पाहावे.

बिझनेस क्लासच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. जाणकार म्हणवणारे सांगतात की पॉइंटचे खरे सोने तिथेच होते. समजा, बिझनेस क्लासचे भाडे २,४०,००० रुपये आहे आणि पॉइंटवर ८०,००० पॉइंट व ४०,००० रुपये लागतात. कागदावर पॉइंटला अडीच रुपये मिळाले. पण तो प्रवासी रोखीने कधीच २,४०,००० रुपये मोजणार नव्हता, तो ६५,००० रुपयांच्या इकॉनॉमीच्या तिकिटावर गेला असता, आणि त्या भाड्याशी तुलना केली तर मोल ३१ पैशांवर येते. खरे उत्तर या दोन टोकांच्या मध्ये असते, आणि ते प्रत्येकाने स्वतःला विचारावे: या आरामासाठी मी माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती दिले असते? गुडघ्यांच्या दुखण्याने बेजार असलेल्या सत्तरीतल्या आईला आडवे होऊन झोपता यावे यासाठी मुलगा आनंदाने १,१०,००० रुपये देईल. त्या हिशेबाने पॉइंटला साडेसत्त्याऐंशी पैसे मिळाले आणि व्यवहार चांगला झाला. तीस वर्षांच्या धडधाकट माणसाचे उत्तर वेगळे येईल, आणि तेही बरोबरच असेल.

कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवताना तर दुप्पट सावध राहावे लागते, कारण एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत. आधी हवे ते आसन हव्या त्या तारखेला पॉइंटवर खरोखर उपलब्ध आहे याची खात्री करावी आणि मगच पॉइंट वळवावेत. हा क्रम उलटा केल्याने अनेकांचे हजारो पॉइंट अशा योजनांत अडकून पडले आहेत जिथून त्यांना कधी प्रवास करायचाच नव्हता. वळवलेले पॉइंट काही ठिकाणी मिनिटांत पोहोचतात, तर काही ठिकाणी दिवस लागतात, आणि तेवढ्यात आसन जाते. बँकेचा एक पॉइंट म्हणजे विमान कंपनीचा एक पॉइंट असेही गृहीत धरू नये. काही कार्डांवर एकाचे दोन होतात, तर काहींवर पाचाचे दोनच. काही बँका या रूपांतराला शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात, तेही हिशेबात धरावे. आणि तुमची बँक स्वतःच्या संकेतस्थळावर त्याच पॉइंटला तिकिटासाठी एक रुपया देत असेल, तर एक रुपयाहून कमी मोलासाठी ते दुसरीकडे नेण्यात तोटा आहे.

मोठ्या कंपन्यांची आसने साधारण ३३० ते ३६० दिवस आधी खुली होतात, त्यामुळे पुढच्या वर्षी मे महिन्यात मुलांकडे जायचे असेल तर शोध आदल्या वर्षाच्या जूनपासून सुरू करावा. तारखा दोन-चार दिवस मागेपुढे करण्याची तयारी असणाऱ्याला सर्वाधिक पर्याय मिळतात.

याच्या उलट, पॉइंट नुसते साठवून ठेवण्याचा मोह टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. पॉइंटवर व्याज मिळत नाही, आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेसारख्या ठिकाणी ते तीन वर्षांत संपतात. २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने थांबली तेव्हा तिच्या प्रवाशांचे पॉइंट निरुपयोगी झाले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेज थांबली. तिची पॉइंट योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे टिकली आणि नाव बदलून पुढे चालली, पण ज्या विमानांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे मैल जमवले होते ती विमानेच राहिली नाहीत. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा सदस्यांचे पॉइंट नव्या घरी गेले खरे, पण ज्या योजनेचे नियम पाहून ते जमवले होते ती योजना उरली नाही. ठेवीला विम्याचे संरक्षण असते, तसे पॉइंटला नाही.

आता सरकारकडे मागणे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडून त्यांच्या पॉइंट योजनांची माहिती मागवली. जमा झालेल्या पॉइंटचे मोल कंपन्या परस्पर घटवतात का, किमती झाकून ठेवतात का, असे प्रश्न त्यात होते. आपल्याकडे त्यासाठी नवा कायदाही लागू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळांवरील फसव्या मांडणीबाबत मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि १३ प्रकार सांगून त्यांना मनाई केली. खरी किंमत सुरुवातीला न दाखवता टप्प्याटप्प्याने उघड करणे हा त्यांतलाच एक प्रकार आहे. पहिल्या पानावर ‘मोफत’ आणि शेवटच्या पानावर हजारोंचा अधिभार, ही मांडणी माझ्या मते त्याच व्याख्येत बसते. पॉइंटच्या आकड्याशेजारी पहिल्याच पानावर रोख रक्कम, तिच्यात कंपनीचा अधिभार किती आणि सरकारी कर किती याची फोड, आणि या तिकिटावर एका पॉइंटला किती पैसे मिळत आहेत हा आकडा दाखवणे कंपन्यांना बंधनकारक करावे. भाडे आणि पॉइंट हे दोन्ही आकडे त्यांच्या संगणकात आधीच असतात, त्यामुळे हा भागाकार करून दाखवायला त्यांना काहीच अवघड नाही. तसेच पॉइंटचे मोल घटवणारा कोणताही बदल पुरेशा पूर्वसूचनेशिवाय लागू करू नये, म्हणजे जमवलेले पॉइंट जुन्या दराने वापरण्याची संधी सदस्याला मिळेल.

तिकीट रद्द करण्याविषयी एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार तिकीट रद्द झाले किंवा वापरले गेले नाही तर सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत करावी लागतात, अगदी मूळ भाडे परत न मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटावरही. पॉइंटच्या तिकिटावर ही रक्कम आपण रोखीने भरलेली असते. महासंचालनालयाने पॉइंटच्या तिकिटांचा वेगळा उल्लेख करून हे स्पष्ट करावे, म्हणजे ‘पॉइंट खात्यात परत केले’ एवढ्यावर प्रवाशाची बोळवण होणार नाही. तोवर ज्यांना असे उत्तर मिळेल त्यांनी शेवटच्या पानावरील करांच्या तपशिलाचे छायाचित्र जपून ठेवावे, कंपनीकडे लेखी मागणी करावी, आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपला,
बँकेच्या हिशेब विभागातून निवृत्त झालेला एक वाचक,
डोंबिवली