‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मनःशांतीवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहून येते. ख्रिस्ती विश्वासातल्या शांतीचा विषय निघाला की मात्र बोलणे बहुधा दोन शब्दांवर येऊन थांबते : ‘देवाची इच्छा.’ घरातले कोणी गेले, नोकरी सुटली, तपासणीचा रिपोर्ट वाईट आला, की हेच ऐकवले जाते. म्हणणे खरे आहे, पण इतके अर्धवट सांगितले जाते की ऐकणाऱ्याला धीर येण्याऐवजी कोणी तोंड दाबल्यासारखे वाटते.

देव सार्वभौम आहे म्हणजे काय, हे १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने, म्हणजे प्रोटेस्टंट शिकवणीच्या एका जुन्या पुस्तिकेने, २७ व्या उत्तरात नेमके मांडले आहे. झाडपाला, पाऊस आणि अवर्षण, सुगीची आणि नापिकीची वर्षे, आरोग्य आणि आजार, श्रीमंती आणि गरिबी, यांतले काहीच योगायोगाने येत नाही. सगळे देवाच्या पित्यासमान हातून येते. सारा भार ‘पिता’ या शब्दावर आहे. तो काढून टाकला तर उरते ती नुसती नियती, आणि नियतीपुढे माणूस गप्प बसेल, पण निश्चिंत होणार नाही. चिमण्यांचा हिशेब पाहा. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या शुभवर्तमानात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी वर फुकट टाकलेली, बाजारात तिला मोलच नाही. तिचाही देवाला विसर पडत नाही, असे येशू सांगतो.

‘सगळे त्याच्या हाती, मग आपण कशाला धडपडायचे?’ हा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात एका बुडत्या जहाजावर मिळते. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला निघालेला, जहाजावर २७६ माणसे, आणि वादळात दिवसचे दिवस सूर्य-तारे दिसलेले नाहीत. देवाने पौलाला शब्द दिला आहे : जहाज जाईल, माणूस एकही जाणार नाही. चौदाव्या रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात. आधी २० वाव भरते, थोडे पुढे १५. खडकावर आपटू या भीतीने ते मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. मग पुढून नांगर टाकण्याचे निमित्त करून छोटी होडी गुपचूप पाण्यात सोडतात. त्यांना पळून जायचे असते. पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला, सांगतो, ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. उजाडता उजाडता पौल सगळ्यांना जेवायचा आग्रह करतो, स्वतः भाकर घेऊन देवाचे आभार मानतो आणि खातो. पोटे भरल्यावर उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलके केले जाते. शेवटी जहाज फुटते. कोणी पोहत, कोणी फळ्यांच्या आधाराने, सगळे किनाऱ्याला लागतात.

वचन पक्के होते, तरी खलाशी लागलेच, जेवणही लागले. देव शेवट ठरवतो तसा तिथवरचा मार्गही ठरवतो. त्यामुळे औषध घेणे, वकील गाठणे, कर्जाचा कागद नीट वाचणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरकडे जावे, आणि लगेच जावे. अशा माणसाला ‘प्रार्थना कमी पडते’ म्हणणारा त्या होडीचे नव्हे, जहाजाचेच दोर कापतो.

आता रोजचे. पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातली ४:६-७ ही वचने बहुतेक ख्रिस्ती लोकांना पाठ असतात. त्यातला क्रम मात्र निसटतो. चिंता करू नका, एवढ्यावर पौल थांबत नाही. प्रार्थना, विनंती आणि आभारप्रदर्शन यांसह मागणी देवाला कळवा, असे तो म्हणतो. तेही तुरुंगातून. पंधरा-वीस मिनिटे काढावीत, कागद घ्यावा. ‘सगळे नीट कर’ असे लिहू नये. मोघम मागणीने चिंताही मोघमच राहते आणि रात्री पुन्हा वर येते. नेमके लिहावे : गुरुवारच्या तपासणीत गाठ निघेल, ही भीती. त्याखाली आपली मागणी. मग आभार, तेही नेमक्या गोष्टीचे. आजाराबद्दल आभार मानण्याची सक्ती पौलाने केलेली नाही, आजारातही जे मिळाले त्याबद्दल मानावेत. शेवटी त्या भीतीच्या बाबतीत आज आपल्या हाती असलेले एक काम लिहावे आणि उठून ते करावे. काही काम नसेल तर तसेच लिहावे. रात्री तोच विचार परत आला तर वाद नव्याने सुरू करू नये. ‘हे सकाळी तुझ्यापाशी ठेवले आहे’ एवढेच म्हणावे. दहा वेळा आला तर दहा वेळा.

यात एक चूक फार होते. प्रार्थना संपताच माणूस मन चाचपून पाहतो : आली का शांती? सातव्या वचनात ही शांती मन ‘राखील’ म्हटले आहे, आणि मूळ ग्रीक शब्द शहरावर पहारा ठेवणाऱ्या शिपायांचा आहे. पहारा असला म्हणजे बाहेरचा गलका थांबतोच असे नाही. त्याच अध्यायात पुढे पौल म्हणतो, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो, म्हणजे वेळ लागला.

दुसरी चूक याहून घातक. ‘मनाला शांत वाटते, म्हणजे हीच देवाची इच्छा’ असे समजून लग्न ठरते, पैसे गुंतवले जातात. बायबलमधला संदेष्टा योना देवापासून पळत होता, तेव्हा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. आणि येशू पूर्ण आज्ञाधारक असताना गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला, एकच प्रार्थना तीनदा केली. निर्णय बायबलच्या वचनाने, विचाराने आणि जाणत्यांच्या सल्ल्याने घ्यावा. मनाच्या हवामानावर घेऊ नये.

सांत्वनाला जाणाऱ्यांसाठी थोडे. पौलाच्या रोमकरांस पत्रात, ८:२८ मध्ये, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे म्हटले आहे. प्रत्येक गोष्ट चांगली असते असे नाही. ते कल्याण कोणते, हे पुढचेच वचन सांगते : आपण देवाच्या पुत्रासारखे व्हावे. ‘तुम्ही माझे वाईट योजले, देवाने ते चांगल्यासाठी योजले,’ हे बायबलमधला योसेफ आपल्या भावांना बोलला खरे. पण भावांनी त्याला १७-१८ व्या वर्षी चांदीच्या २० तुकड्यांना विकल्यानंतर जवळजवळ ४० वर्षांनी, आणि स्वतःच्या तोंडाने. विकण्याआधी भावांनी टाकलेल्या खड्ड्यात तो असताना वरून कोणी हे ऐकवले नव्हते. मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तेवढेच त्यांचे बरोबर. बोलू लागले आणि चुकले.

म्हणून ताज्या दुःखात जाताना बायबलमधले स्तोत्र १३ न्यावे. सहा वचनांचे आहे, आणि ‘किती काळ?’ हा प्रश्न त्यात चारदा येतो. दुःख फार खोल असेल तर स्तोत्र ८८, ज्याचा मूळ हिब्रूतला शेवटचा शब्द काळोख आहे. दोन्ही देवालाच उद्देशून आहेत; त्याच्या हाती सगळे आहे असे मानणाराच त्याच्याकडे अशी दाद मागतो. हळू आवाजात वाचावे, मग बसून राहावे. रोमकरांस ८:२८ त्या माणसाने स्वतः काढले, तर ऐकावे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक