बी विंगमागची अडीच फुटी पट्टी

दि. १ जून

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
आपली गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

विषय: कंपाउंडलगतची झाडे काढून पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम थांबवण्याबाबत

स. न.

लिफ्टशेजारची नोटीस वाचली. मागच्या बंगल्यातून तक्रार आल्यामुळे बी विंग आणि कंपाउंडची भिंत यांमधली सगळी झाडे काढायची, पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि हे सारे मृगाच्या पावसाआधी उरकायचे, असे ठरलेले दिसते. हे काम थांबवावे. मी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी जाऊन पाहून आले आहे, म्हणून लिहिते.

तक्रारीत दोन मुद्दे आहेत. आपल्या सोनचाफ्याची पाने पलीकडच्या बोळात पडून त्यांची पाण्याच्या निचऱ्याची जाळी तुंबते, हा पहिला. तो शंभर टक्के खरा आहे. आमच्या बाजूला फुले, त्यांच्या बाजूला पानांचा कचरा, अशी वाटणी गेली कित्येक वर्षे चालली आहे. त्या फुलांतली चार आपल्याही देवघरात जातात, हे आपण जाणताच.

दुसरा मुद्दा भिंतीला पडलेल्या भेगेचा. भेग आहे, बोट सहज आत जाते. पण ती चाफ्याची नव्हे. चाफ्यापासून ती चांगली १५ फूट लांब, गॅस बँकेच्या (सिलिंडर ठेवण्याच्या जागेच्या) बाजूला आहे आणि तिच्यात मनगटाएवढा पिंपळ बसला आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडले असणार. दर गणपतीच्या साफसफाईत तो वरून छाटला जातो आणि दिवाळीपर्यंत दुप्पट फुटतो. मूळ मात्र काळ्या दगडांच्या सांध्यात मुरतेच आहे. त्याला गवंडीच हवा: सांध्यातले दोन-तीन दगड उकलून मूळ पूर्ण काढायचे आणि सिमेंटने सांधा भरायचा. ते न करता खाली ब्लॉक बसवले, तर पिंपळाला काहीही फरक पडणार नाही.

फरक पडेल तो चाफ्याला आणि पाण्याला. गच्चीचे दोन पाइप याच पट्टीत उतरतात. आज ते पाणी मातीत मुरते. ब्लॉक बसले की ते भिंतीच्या पायाशी साचणार, नाहीतर पार्किंगमध्ये येणार. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितले होते. आपली पट्टीच मुळात मीटरभर रुंद नाही! आणि झाड काढायचे म्हटले, तर १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे. फांद्या छाटायलाही महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी काढावी लागते. ठेकेदाराच्या माणसाने कोयता चालवून भागत नाही.

आता माझा गुन्हा. सहा वर्षांपूर्वी मी कुंडीतला कढीपत्ता त्या पट्टीत लावला. कुणाला विचारले नव्हते. कढीपत्ता मुळांवरून फुटत जातो, हे तेव्हा माहीत असून दुर्लक्ष केले. परवा बंगल्यातल्या काकूंनी त्यांच्या गुलाबाच्या वाफ्यात नेऊन दाखवले: भिंतीखालून आलेले सात फुटवे, एक तर थेट गुलाबाच्या आळ्यात. मी खाली बसून उपटायला लागले, तर म्हणाल्या, “तो कोपऱ्यातला राहू दे, फोडणीला होतो.” सहा उपटले. आमच्या बाजूचे मूळ झाड मी या आठवड्यात स्वतः खणून काढते आणि परत कुंडीत लावते.

चाफ्याबद्दलही त्यांच्याशी बोलणे झाले. झाड काढा, असे त्यांचे म्हणणेच नाही. पावसाआधी पलीकडे झुकलेल्या दोन फांद्या रीतसर छाटाव्यात आणि पावसाळाभर आठवड्यातून एकदा आपल्या सफाई कामगाराने त्यांची जाळी साफ करावी, एवढेच. मला हे रास्त वाटते.

बाकी पट्टीत यापुढे तगर, गवती चहा, हळद, लिली असली उथळ मुळांची झाडेच असावीत, आणि मातीचा ढीग भिंतीपासून वीतभर लांब राहावा. आत्ता माती भिंतीला टेकली आहे. ओल त्यानेही चढते. बांबू लावायची सूचना मागच्या सभेत आली होती, तिला माझा साफ विरोध. मुळांनी पसरणारा बांबू पलीकडच्या वाफ्यात कधी उगवेल ते कळणारही नाही.

भिंत नेमकी कुणाच्या हद्दीत, यावर आपल्याकडे दर सभेत वाद होतो. सिटी सर्व्हेचा मोजणी नकाशा ऑफिसच्या कपाटात असेल, तर तो एकदा काढून ठेवावा. गवंड्याचा खर्च कुणी करायचा हे त्यावरूनच ठरेल. अर्धा वाटा द्यायला काकू तयार आहेत.

रविवारी सकाळी साडेआठला काकू मागचे दार उघडून देणार आहेत. आपण आणि सेक्रेटरी यावे. जुन्या चपला घाला, तेव्हा त्यांनी बागेला नुकतेच पाणी घातलेले असते.

आपली,
बी विंग, तळमजल्यावरील सभासद