दार कोणी वाजवलेच नाही : खोट्या नोंदींबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : पत्त्यावर न जाताच केलेल्या 'प्रयत्ना'च्या नोंदी, त्यामुळे परत आलेली पार्सले आणि चुकीच्या वजनाची आकारणी

महोदय / महोदया,

मी घरी हाताने बांधलेल्या वह्या तयार करते आणि ऑनलाइन विकते. २०१९ पासून माझी सगळी पार्सले तुमच्याच कुरियरने जातात. तेव्हा आमच्या भागातले तुमचे ऑफिस म्हणजे एका गाळ्यातले टेबल, एक वजनकाटा आणि तीन मुले. आता गावाबाहेर पार्सले छाटण्याचे मोठे केंद्र, म्हणजे हब झाले आहे, पट्ट्यावरून पार्सले पळतात आणि लेबल कॅमेरा वाचतो. तुमची ही वाढ मी जवळून पाहिली आहे, तिचा मला फायदाही झाला आहे. २०२० मध्ये टाळेबंदी सैल झाल्यावर ऑर्डरी एकदम वाढल्या, त्या दिवसांत तुमचा पिकअप रोज आला म्हणून माझा धंदा उभा राहिला. हे मी विसरलेले नाही. चॅटवर तीनदा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा 'आपली तक्रार सोडवली आहे' असा मेसेज येऊन ती बंद झाली. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षकांनी माझ्याकडून सहा वह्या मागवल्या. पैसे आधीच भरले होते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ते घराबाहेर पडत नाहीत. पार्सल तिसऱ्या दिवशी त्यांच्या भागातल्या डिलिव्हरी सेंटरला पोहोचले आणि त्याच रात्री ट्रॅकिंगवर शेरा आला, 'ग्राहक उपलब्ध नाही'. दुसऱ्या दिवशी 'दार बंद'. तिसऱ्या दिवशी 'ग्राहकाने पार्सल घेण्यास नकार दिला'. तिन्ही दिवस मी सरांना फोन करत होते. ते दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. ना बेल वाजली, ना तुमच्या माणसाचा फोन आला. तिसऱ्या रात्री तेच मला म्हणाले, "ताई, मी परत पाठवले असे तुम्हाला वाटत नाही ना?" पैसे भरून वाट पाहणाऱ्या वयस्कर माणसाने असा खुलासा करावा, याचे मला फार वाईट वाटले. खोटे त्यांच्या नावावर लिहिले गेले होते.

माझी शंका पक्की झाली ती वेळेवरून. त्याच दिवशी त्याच सेंटरकडे माझे आणखी एक पार्सल होते, रेल्वे रुळांच्या पलीकडच्या वस्तीतले. दोन्ही पार्सलांवरचा पहिला शेरा रात्री ८ वाजून ५२ मिनिटांचा आहे. एकच माणूस एकाच मिनिटाला रुळांच्या दोन्ही बाजूंना दोन दारे वाजवू शकत नाही. मग मी मागच्या तीन महिन्यांत परत आलेली पार्सले काढून बसले. त्यातल्या आठ ग्राहकांशी बोलणे झाले. सात जण म्हणाले, आमच्याकडे कोणी आलेच नाही. आठव्या बाई खरोखरच बाहेरगावी होत्या. सगळ्यांचे एडब्ल्यूबी नंबर (पार्सलाचा माग काढण्याचे क्रमांक) आणि नोंदींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आमच्याकडे गेली काही वर्षे येणाऱ्या तुमच्या एका डिलिव्हरी बॉयला मी याबद्दल विचारले. त्याचे म्हणणे असे की संध्याकाळी हिशेब बंद करताना बॅगेतल्या प्रत्येक पार्सलपुढे काहीतरी शेरा असावाच लागतो. शेरा नसलेले पार्सल त्याच्या नावावर बाकी दिसते आणि सुपरवायझर त्याबद्दल बोलतो. पार्सलमागे पैसे मिळत असल्याने जिथे जिने चढावे लागतात, पत्ता शोधावा लागतो, ते घर मागे पडते. सणासुदीच्या सेलमध्ये बॅगेत मावणार नाहीत इतकी पार्सले येतात आणि माणसे तेवढीच असतात. त्याने हे विश्वासाने सांगितले, म्हणून तो कोण हे मी सांगणार नाही. सरांचे पार्सल ज्याच्याकडे होते त्याच्यावरही कारवाई नको आहे. खोटा शेरा लिहिण्यावाचून दिवस संपतच नसेल, तर चूक कामाच्या मांडणीत आहे, आणि मांडणी वर बसलेल्या माणसांची असते.

'उपलब्ध नाही' किंवा 'दार बंद' असा शेरा आला की माझ्या पॅनेलवर, म्हणजे विक्रेत्याच्या ऑनलाइन खात्यावर, पर्याय उघडतो, पुन्हा प्रयत्न करायचा की परत बोलवायचे. मी दोन्ही वेळा 'पुन्हा प्रयत्न' निवडले, खूण लिहिली, दुसरा फोन नंबर दिला. पण 'नकार' हा शेरा पडला की तो पर्यायच बंद होतो. तुमची सिस्टीम त्याला ग्राहकाचा शेवटचा शब्द मानते आणि पार्सल आपोआप परतीच्या रस्त्याला लागते. म्हणजे ज्याला पार्सल हातावेगळे करायचे आहे त्याच्यासाठी सगळ्यांत सोयीचा शेरा तोच, आणि तो खरा की खोटा हे पार्सल घेणाऱ्याला कोणी विचारतही नाही. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे.

पार्सल अकरा दिवसांनी माझ्याकडे परत आले. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही भाडे माझ्या खात्यातून कापले गेले. खोका उघडला तर सगळ्यांत वरच्या वहीच्या कापडी पुठ्ठ्याचा कोपरा चेपून आत गेला होता आणि पाठीवरची शिवण दोन टाक्यांपाशी सुटली होती. हाताने बांधलेल्या वहीत दोरा सलग असतो, मधला टाका सुटला की पुढची सगळी पाने सैल होतात. ती वही मला पूर्ण उसवून पुन्हा बांधावी लागली. तुमच्या हिशेबात मात्र हे पार्सल 'सुस्थितीत परत' आहे.

वजनाची तक्रार वेगळी आहे, पण थोडक्यात तीही लिहिते. एका वहीचा माझा खोका ३० बाय २० बाय ४ सेंटिमीटर भरतो. तुमच्याच नियमाने तिन्ही मापांच्या गुणाकाराला ५००० ने भागले की आकारावरून धरायचे वजन ०.४८ किलो येते आणि काट्यावर तो ४२० ग्रॅम आहे. दोन्ही अर्ध्या किलोच्या आत. हबमधल्या यंत्राने उंची ४ ऐवजी १४ धरली आणि १.६८ किलो लावून मला दोन किलोची आकारणी केली. शेजारी फूटपट्टी ठेवून काढलेले फोटो पाठवले, उत्तर आले 'पुरावा अपुरा'. पंधरा दिवसांत असे चारदा झाले. खोका तोच, रोजचाच.

तुमच्या प्रत्येक जाहिरातीत किती पिन कोडपर्यंत पोहोचलो याचा आकडा असतो. पिन कोड आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या मराठी मुलखातले. त्यातला पहिला अंक विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. म्हणजे सहा अंक पार्सलाला त्या भागापर्यंत आणून सोडतात. तिथून दारापर्यंतचे काम माणसाचे आहे, आणि तुमचा नवा विस्तार नेमका तिथेच तोकडा पडतो आहे. गाळ्यातल्या त्या तीन मुलांना निम्मे पत्ते तोंडपाठ होते. घर सापडले नाही तर ती मला फोन करायची. हब मोठे झाले, पण ती ओळख कोणी पुढच्या माणसाकडे सोपवली नाही.

मी विक्रेती आहे, ग्राहक नाही, असे चॅटवर मला एकदा सांगण्यात आले. ते मला मान्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेली सेवा वगळली आहे हे खरे, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर तो कायदा व्यापारी मानत नाही, आणि माझ्या मते सेवेलाही तेच लागू व्हावे. मी एकटी वह्या बांधते आणि त्यावर माझे घर चालते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारदार स्वतः राहतो तिथून, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि सेवेसाठी भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्कही लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ हीही मला माहीत आहे. तरी आधी तुमच्याकडे आले, कारण मला पार्सल तुमच्याच हाती द्यायचे आहे.

सरांच्या पार्सलाचे दोन्ही बाजूंचे भाडे आणि चार खोक्यांवरची जादा आकारणी मला परत मिळावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'नकार' हा शेरा ग्राहकाच्या मोबाइलवर विचारून, त्याने होकार दिल्यावरच पक्का व्हावा, आणि तोपर्यंत पार्सल परतीला लागू नये. शेरा कुठून आणि किती वाजता टाकला गेला, हे आम्हा विक्रेत्यांना पॅनेलवर दिसावे. ज्या सेंटरवरून एकाच मिनिटाला अनेक शेरे पडतात तिथे पार्सले किती आणि माणसे किती आहेत, हे तुमच्या वरिष्ठांनी स्वतः जाऊन पाहावे आणि तिथे माणसे वाढवावीत. या पत्राचे लेखी उत्तर मला तीस दिवसांत हवे आहे. आणि सरांना तुमच्याकडून एक फोन जावा, त्यांच्या नावावर लिहिलेला नकार खोटा होता एवढे सांगायला.

त्या सहा वह्यांचे पार्सल मी सोमवारच्या पिकअपला पुन्हा देते आहे. पत्त्याखाली सरांनी सांगितलेली खूण मोठ्या अक्षरांत लिहिली आहे : तळमजला, जिन्याच्या डावीकडचे दार, बेल चालू आहे.

आपली,
२०१९ पासूनची तुमची एक ग्राहक